आपला जॅझ कुठला? नव्यानं ऐकायला बसणाऱ्यांसाठी

१९७७ साली सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यावर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहां हो’. त्याच तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट सेव्हन’ या ताफ्यानं १९२७ साली वाजवलेला ‘मेलन्कली ब्लूज’ही आहे. दोन्ही तीन-साडेतीन मिनिटांत संपतात. त्या काळच्या तबकडीत तेवढंच मावायचं.

केसरबाई म्हणजे एवढीच साडेतीन मिनिटं, असं आपल्याकडे कुणी म्हणणार नाही. तबकडी ही गाण्याची खूण आहे, सगळं गाणं नव्हे, हे आपल्याला घरबसल्या कळलेलं असतं. जॅझकडे नव्यानं वळलेल्या माणसाला मात्र हे कुणी सांगत नाही. तो १९२०च्या दशकातली एखादी रेकॉर्ड लावतो, अर्ध्या मिनिटात खरखरीला वैतागतो आणि ‘जुना जॅझ आपल्याला झेपत नाही’ म्हणून मोकळा होतो. दुसऱ्या कुणाच्या हाती पहिल्याच दिवशी साठच्या दशकातला वीस मिनिटांचा सोलो पडतो आणि ‘नवा जॅझ म्हणजे नुसता कल्ला’ असं त्याचं मत कायमचं होऊन बसतं.

मी वीसेक वर्षं हे संगीत ऐकतोय. या काळात मला एक गोष्ट पक्की कळली. आपण ज्याला आवड म्हणतो, तो पुष्कळदा ध्वनिमुद्रणाच्या यंत्राबद्दलचा शेरा असतो, नाहीतर पहिल्यांदा हाती लागलेल्या रेकॉर्डचा परिणाम असतो. खरी आवड त्याच्या खाली असते. ती वर काढायला महिनाभर पुरतो, रोज अर्धा तास दिला तर. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: ‘जुना’ आणि ‘नवा’ कशाला म्हणतात

जॅझची पहिली तबकडी १९१७ सालची. ती न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाली आणि वाजवणारे होते अमेरिकेच्या दक्षिणेतल्या न्यू ऑर्लीन्स शहराचे गोरे वादक. ज्या कृष्णवर्णीय वादकांनी त्या शहरात हे संगीत घडवलं, त्यांचे ताफे तबकडीवर नीट उतरायला १९२३ उजाडलं. किंग ऑलिव्हर, जेली रोल मॉर्टन, सिडनी बेशे, लुई आर्मस्ट्राँग ही त्या पिढीची माणसं. त्यांच्या संगीताला पुढे ‘ट्रॅडिशनल’ हे नाव पडलं. कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचं आखूड भावंड, मुख्य धून सांगते, क्लॅरिनेट तिच्या डोक्यावरून वेलांट्या घेते, ट्रॉम्बोन खालून धक्के देतो, आणि हे तिघंही एकाच वेळी बोलत असतात.

१९३०च्या दशकात ताफे मोठे झाले. ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, बेनी गुडमन यांचा हा स्विंगचा काळ. लोक त्यावर नाचत. १९४५च्या सुमारास चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांचं बीबॉप आलं. लय दुप्पट चढी, स्वरांचे डाव अवघड, आणि श्रोते नाचायचं सोडून खुर्चीत बसलेले. ‘मॉडर्न’ म्हणतात ते इथून पुढचं.

ही फाट एवढी रुंद दिसते त्याला एक साधं कारण आहे. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं रेकॉर्ड कंपन्यांसाठी वाजवणं बंद केलं होतं. मोठ्या कंपन्यांशी समझोता व्हायला १९४४चा नोव्हेंबर लागला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या क्लबांत रात्री-अपरात्री बीबॉप शिजत होतं ते नेमकं याच दोन वर्षांत. मधल्या घडामोडींच्या तबकड्या फारशा निघाल्याच नाहीत. त्यामुळे रेकॉर्ड ऐकणाऱ्यांना ते आभाळातून पडल्यासारखं वाटलं. मग भांडणं जुंपली. जुन्याच्या चाहत्यांना नव्याचे चाहते ‘बुरसटलेली अंजिरं’ म्हणून हिणवायचे.

दिनांक आणि शैली मात्र एक समजू नका. न्यू ऑर्लीन्सच्या पहिल्या पिढीतला कॉर्नेट-ट्रम्पेटवाला बंक जॉन्सन, त्याची पहिली तबकडीच मुळी १९४२ सालची. त्याच शहरातला प्रिझर्व्हेशन हॉल १९६१ मध्ये सुरू झाला आणि तिथे जुनाच बाज वाजतो. म्हणजे शैली जुनी, पण ध्वनिमुद्रण स्वच्छ, असं हवं तेवढं मिळतं. पुढच्या पायरीत याचा उपयोग होणार आहे.

पायरी २: खरखर बाजूला काढायला शिका

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. इथे घाई करू नका.

१९२३च्या एप्रिलमध्ये किंग ऑलिव्हरचा ताफा इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी गेनेट कंपनीच्या स्टुडिओत गेला. मायक्रोफोन नव्हता. एक मोठा कर्णा, त्याच्या टोकाला सुई, सुईखाली मेणाची तबकडी. सगळ्यांनी त्या कर्ण्यासमोर दाटीवाटीनं उभं राहून वाजवायचं. बेबी डॉड्ससारखा ड्रमवाला सोबत होता, पण मोठ्या ड्रमच्या दणक्यानं सुई उडेल म्हणून त्याला लाकडी ठोकळ्यांवर टकटक करून भागवावं लागलं. ऑलिव्हरच्या हाताखाली दुसरी कॉर्नेट वाजवणारा २१ वर्षांचा आर्मस्ट्राँग इतका दमदार फुंकायचा, की त्याला बाकीच्यांपासून कितीतरी लांब उभं केलं होतं, असं त्या दिवसांच्या आठवणींत येतं. स्टुडिओच्या शेजारून रेल्वेचे रूळ जात. गाडी आली की थांबायचं.

हे माहीत असलं की त्या रेकॉर्डी वेगळ्या ऐकू येतात. ड्रम ‘नाहीत’ असं वाटतं तेव्हा ते त्या खोलीत होते, कर्ण्यापर्यंत पोचले नाहीत, एवढंच. १९२५ पासून विजेवरचे मायक्रोफोन आले आणि आवाजात एकदम अंग भरलं. त्यामुळे नवशिक्यानं १९२३ पासून सुरुवात करू नये. १९२६ ते १९२८ हा काळ आधी घ्या आणि मग मागे जा.

सराव असा करा. तीन मिनिटांची एक जुनी रेकॉर्ड निवडा आणि सलग तीनदा लावा. पहिल्या खेपेला खरखरच ऐकू येईल, येऊ द्या. दुसऱ्या खेपेला फक्त क्लॅरिनेटच्या मागे जा, बाकी कुणाकडे लक्ष देऊ नका. तिसऱ्या खेपेला फक्त ट्रॉम्बोन. तिसऱ्यांदा खरखर कुठे गेली, हे तुमच्या ध्यानातही येत नाही. लहानपणी रेडिओवर अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘पिया बिन नाही आवत चैन’ ऐकताना कुणी खरखरीची तक्रार केल्याचं मला तरी आठवत नाही. कान तिथे आपोआप आत शिरतो, कारण आत काय आहे ते त्याला ठाऊक असतं.

माझ्या घरी हे एका दुपारी घडलं. जानेवारी १९२५ मधला बेसी स्मिथचा ‘सेंट लुइस ब्लूज’ लावला होता. मायक्रोफोन यायच्या जरा आधीचं मुद्रण, म्हणजे आवाज दूरच्या खोलीतून आल्यासारखा. आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. तिथून तिनं विचारलं, ‘अरे, मागे पेटी कोण वाजवतंय?’ मी तोवर दहा वेळा ते गाणं ऐकलं होतं आणि त्यातल्या आर्मस्ट्राँगच्या कॉर्नेटपलीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. आईचं बरोबर होतं. त्या गाण्यात पियानो नाही, ड्रम नाहीत. फ्रेड लाँगशॉ नावाचा वादक हार्मोनियम वाजवतोय, पायपेटीच्या जातीचा. पेटीचे लांब धरलेले सूर, त्यावर बेसीचा भरदार आवाज, आणि तिनं श्वास घेतला की त्या फटीत आर्मस्ट्राँगचं दोन-तीन सुरांचं उत्तर. बाईंच्या मागे सारंगीवाला जसा ओळ उचलतो, तसंच. पेटीवर वाढलेल्या कानाला जुन्या जॅझमध्ये शिरायला याहून जवळचं दार मला माहीत नाही.

आता कसोटी. आर्मस्ट्राँगनं १९५४ साली डब्ल्यू. सी. हँडीच्या रचनांची एक लाँगप्ले रेकॉर्ड केली. बाज जुनाच, पण मुद्रण टेपवर, स्वच्छ आणि भरीव. ‘सेंट लुइस ब्लूज’ तिच्यातही आहे, आणि तीन मिनिटांची कात्री नसल्यामुळे जवळपास नऊ मिनिटं चालतो. हे ऐका. आवडलं, तर तुमचं जुन्या जॅझशी काही वाकडं नव्हतं, खरखरीशी होतं. स्वच्छ ऐकूनही तीन वाद्यांची ती एकदम चाललेली बडबड नकोशी वाटली, तर ती खरी नावड. ती खुशाल मान्य करा.

पायरी ३: जुन्यातली एक रेकॉर्ड तळापर्यंत

‘वेस्ट एंड ब्लूज’, २८ जून १९२८, शिकागो. आर्मस्ट्राँग तेव्हा २६ वर्षांचा. रचना त्याच्या गुरूची, किंग ऑलिव्हरची.

पहिली बारा-तेरा सेकंदं तो एकटा आहे. ताल नाही, साथ नाही. चार सूर ठामपणे टाकतो, चढत वर जातो आणि तिथून वळणं घेत खाली उतरतो. मग ताफा येतो आणि बारा मापांचा ब्लूज सुरू होतो. एका मापात चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन धरा. अशी पाच आवर्तनं आहेत. बोटांवर मोजत ऐका, खरंच मोजा. पहिल्यात सगळे मिळून धून मांडतात. दुसऱ्यात ट्रॉम्बोन बोलतो आणि मागे घोड्याच्या टापांसारखी टक-टक चालते. झटी सिंगलटन लहान झांजांवर ती देतोय. तिसऱ्यात क्लॅरिनेट एक ओळ म्हणते आणि आर्मस्ट्राँग तिला गळ्यानं उत्तर देतो, शब्दांशिवाय, नुसत्या आकार-उकारांत. ही जागा फार हळवी आहे. चौथं आवर्तन अर्ल हाइन्सच्या पियानोचं.

साधारण अडीच मिनिटांनी पाचवं आवर्तन लागतं आणि आर्मस्ट्राँग वरचा एक सूर धरतो. धरूनच ठेवतो, जवळजवळ चार मापं. खाली साथ बदलते आहे, सूर हलत नाही. मग तो एकदम सुटतो आणि एकच लहान तान पुन्हापुन्हा झरझर खाली आणतो. शेवटी पियानो हळूच उतरतो आणि सिंगलटनची एक टक. संपलं.

एवढं सगळं सव्वातीन मिनिटांत. वेळेची कात्री होती म्हणून एकही मात्रा वाया गेलेली नाही. मी ही रेकॉर्ड किती वेळा ऐकली याचा हिशेब नाही, आणि तो धरलेला सूर आला की अजूनही हातातलं काम थांबतं.

ही दुनिया मुंबईपासून वाटते तेवढी लांब नव्हती. १९२६ मध्ये शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदाच्या तबकड्यांवर आर्मस्ट्राँगसोबत पियानो वाजवणारा टेडी वेदरफर्ड दहाएक वर्षांनी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. त्याच्या आधी १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा ताफा तिथे येऊन गेला होता. गोव्याच्या वादकांनी हा बाज या मंडळींकडून आणि तबकड्यांवरून उचलला. त्यांच्यातल्या चिक चॉकलेटला तर लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणत. पुढे तो सी. रामचंद्रांबरोबर काम करू लागला. त्यांच्या चित्रपटगीतांत अचानक उसळणारे ट्रम्पेट ज्यांनी ऐकलेत, त्यांच्या कानात जुन्या जॅझची थोडी माती आधीपासून पडलेली आहे.

पायरी ४: नव्यातली एक रेकॉर्ड तळापर्यंत

ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्याची ‘काइंड ऑफ ब्लू’, १९५९. सगळेच हिचं नाव घेतात म्हणून काही जण मुद्दाम टाळतात. टाळू नका.

पहिला तुकडा ‘सो व्हॉट’, सव्वानऊ मिनिटांचा. सुरुवातीला पियानो आणि डबल बेस दबक्या आवाजात काहीतरी पुटपुटतात. मग बेस प्रश्न विचारतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. याची बांधणी ३२ मापांची. पहिली १६ मापं एका सप्तकात, पुढची ८ मापं तेच सप्तक अर्ध्या सुरानं वर सरकवून, शेवटची ८ पुन्हा मूळ जागी. ते सप्तक कुठलं? गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. आपला काफी थाट. षड्ज आठ मापं अर्धा सूर वर जातो आणि परत येतो, एवढं धरून ठेवलंत तर ‘नवा जॅझ कळत नाही’ ही भीती अर्धी संपते. इथे राग शोधायला मात्र जाऊ नका. चलन, वादी-संवादी, पकड असलं काही नाही. सूर तेवढे दिलेत, रस्ता ज्याचा त्यानं काढायचा.

दीड मिनिटाच्या आसपास माइल्सचा सोलो सुरू होतो. नेमक्या त्या क्षणी जिमी कॉब झांजेवर एक घाव घालतो आणि त्याचा नाद पुढच्या सुरांखाली कितीतरी वेळ पसरत राहतो. डोळे मिटून तो विरेपर्यंत ऐका. मग माइल्स दोन आवर्तनं वाजवतो, थोडे सूर, भरपूर मोकळी जागा. त्याच्या मागोमाग जॉन कोलट्रेन त्याच जागेत टेनर सॅक्सोफोनवर दाटीनं सूर भरतो. मग कॅननबॉल ॲडर्ली, ब्लूजचा खेळकर माणूस, हसत-खिदळत आल्यासारखा. शेवटी बिल एव्हान्सचा पियानो.

सप्तक तेच, मापं तीच, साथ तीच, माणसं चार. यातलं कोण आवडलं, ते लगेच कागदावर लिहा. ‘मॉडर्न आवडतो की नाही’ या प्रश्नापेक्षा हे उत्तर कितीतरी उपयोगाचं आहे. पोकळी आवडणारा माणूस माइल्सपाशी थांबतो, दाटी आवडणारा कोलट्रेनपाशी. हीच माणसं जुन्या रेकॉर्डींतही निरनिराळ्या जागी थांबतात.

पायरी ५: एकच धून, तीन काळ

अमेरिकी संगीतकार गर्शविनची ‘समरटाइम’ घ्या. १९३५च्या ऑपेरातली अंगाईची धून.

पहिलं रूप सिडनी बेशेचं, जून १९३९. तो न्यू ऑर्लीन्सचा, सोप्रानो सॅक्सोफोनवर. कंप एवढा रुंद आणि जड की सूर थरथरत नाही, हेलकावतो. बारा इंची तबकडी असल्यामुळे त्याला चार मिनिटं मिळाली. तो धून सोडत नाही. प्रत्येक फेरीत तिला अधिक पिळतो. ही तबकडी ब्लू नोट कंपनीची, बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायननं त्याच वर्षी सुरू केलेली. लायन जुन्या बाजाचा भक्त. त्याच माणसानं १९४७ मध्ये थेलोनियस माँकच्या रेकॉर्डी काढल्या, ज्या त्या वेळी भल्याभल्यांना वेडगळ वाटल्या होत्या. माणसाचा कान आठ वर्षांत एवढा लांब जाऊ शकतो, तेही जुनं न टाकता.

दुसरं रूप माइल्सचं, १९५८, गिल एव्हान्सच्या वाद्यमेळासह. ट्रम्पेटला म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, लावलेला, मागे वाद्यवृंद एकच लहान ओळ पाळण्याच्या झोक्यासारखी परत परत म्हणतो. तिसरं कोलट्रेनचं, १९६०. साडेअकरा मिनिटं. अंगाई कुठे गेली असं वाटेल. तो धुनेला जाब विचारतोय. मागे एल्विन जोन्सचे ड्रम गडगडतात, मॅकॉय टायनरचा पियानो भिंतीसारखा उभा.

तिन्ही एका बैठकीत ऐकू नका, एका दिवसाला एक. तिसरं झालं की पुन्हा पहिल्याकडे या. बहुतेकांना दुसऱ्या खेपेला बेशे अधिक धीट वाटतो. मला तरी वाटला.

पायरी ६: रेकॉर्ड निवडताना

ॲपवर दिसणारं साल बहुतेक वेळा त्या संग्रहाचं असतं, वादनाचं नव्हे. आर्मस्ट्राँगसमोर २०१२ दिसलं तर दचकू नका. रेकॉर्डिंगची तारीख शोधा आणि मगच मत बनवा, कारण मोठ्या वादकांनी आपल्याच गाजलेल्या धुना पुढच्या वयात पुन्हा वाजवल्यात आणि संग्रहांत दोन्ही सरमिसळ असतात. ताफ्यातल्या वादकांची नावं आणि तारीख दिलेला संग्रह दिसला की तो उचला. बनवणाऱ्यानं काळजी घेतल्याची ती खूण असते.

मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या बाजू वेगळ्या नसलेलं, रेकॉर्डिंग मोनोच ऐका. स्टीरिओची टूम आली तेव्हा जुन्या मोनो मुद्रणांना कृत्रिमपणे दोन बाजूंत फाडून बाजारात आणलं गेलं. मी पुण्यातल्या एका दुकानातून हौसेनं घेतलेली एक तबकडी अशीच निघाली. कॉर्नेट डाव्या भिंतीतून आणि तिची सावली उजव्या भिंतीतून. दोन वर्षं मला वाटत होतं की तो ताफाच विस्कळीत वाजवतो.

खरखर अजिबात नसलेल्या १९२७च्या मुद्रणावरही भरवसा ठेवू नका. खरखर घासून काढताना क्लॅरिनेटची धार आणि झांजांचा चुरचुरीत आवाजही निघून जातो. ब्रिटिश तज्ज्ञ जॉन आर. टी. डेव्हिस यांनी दुरुस्त केलेली मुद्रणं मिळाली तर जरूर ऐका. थोडी खरखर ठेवून त्यांनी वाद्यं जिवंत ठेवलीत.

‘काइंड ऑफ ब्लू’च्या बाबतीत १९९२ नंतरची आवृत्ती घ्या. मूळ यंत्रातल्या बिघाडामुळे पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे आधीच्या आवृत्त्यांत किंचित चढ्या सुरात वाजत. सोबत पेटी किंवा तानपुरा लावून बसणाऱ्यांना हा फरक टोचतो.

नवा जॅझ फोनच्या स्पीकरवर ऐकून नापसंत करू नका. डबल बेसची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झची. एवढ्याशा स्पीकरमधून ती येतच नाही, आणि बीबॉपनंतरचं सगळं संगीत त्या बेसच्या चालीवर उभं आहे. साधे तारेचे हेडफोन पुरतात. १९२३चा ऑलिव्हर मात्र फोनवरही बऱ्यापैकी निभावतो, कारण मुळात त्या कर्ण्यानं खालचे सूर टिपलेच नव्हते.

आणि शफल बंद ठेवा.

पायरी ७: वही, आणि पुढची वाट

एक वही करा. प्रत्येक रेकॉर्डसाठी तारीख, वादक आणि एकच ओळ: माझं लक्ष कुठल्या क्षणी सर्वांत जास्त लागलं? ‘छान’, ‘बोअर’ असलं लिहू नका. ‘दुसऱ्या मिनिटाला क्लॅरिनेट आत शिरली तिथे’ असं लिहा. तीसेक ओळी झाल्या की वाचून काढा. कल दिसतो.

सगळे एकदम वाजवतात त्याच जागा पुन्हापुन्हा आल्या असतील, तर जेली रोल मॉर्टनच्या ‘रेड हॉट पेपर्स’ची १९२६ची मुद्रणं घ्या. तिथे ही गर्दी घड्याळजीच्या हातानं रचलेली आहे. तिथून थेट चार्ल्स मिंगसच्या १९५९च्या ‘मिंगस आह अम’वर उडी मारा. तिच्यात मॉर्टनला वाहिलेला एक तुकडाच आहे आणि ताफा पुन्हा एकत्र कल्लोळ करतो. एकट्या माणसाची लांब उडी आवडत असेल, तर आर्मस्ट्राँगचा ‘पोटॅटो हेड ब्लूज’ (१९२७), कोलमन हॉकिन्सचा ‘बॉडी अँड सोल’ (१९३९) आणि चार्ली पार्करचा ‘को-को’ (नोव्हेंबर १९४५) या क्रमानं चला. हॉकिन्स मूळ धून नावाला दाखवतो आणि सोडून देतो. पार्कर मिनिटाला ३००च्या आसपास ठोक्यांच्या लयीत धावतो, तेव्हा मात्रा मोजायच्या नादी लागू नका, वाक्यं कुठे संपतात तेवढं पाहा. शांतता आवडणाऱ्यांनी बिल एव्हान्सच्या त्रयीनं २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात वाजवलेलं ऐकावं. मधूनमधून ग्लास किणकिणतात. बेसवाला स्कॉट लाफारो त्यानंतर अकराव्या दिवशी मोटार अपघातात गेला.

ऑर्नेट कोलमनचं डिसेंबर १९६०चं ‘फ्री जॅझ’ बहुतेकांना पळवून लावतं. एक युक्ती सांगतो. त्यात दोन चौकड्या आहेत, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. हेडफोनचा एक कान काढा आणि पाच मिनिटं एकाच चौकडीबरोबर राहा. मग दुसरा. मग दोन्ही. सगळ्यांनी एकदम बोलायचं ही न्यू ऑर्लीन्सची रीत तिथे परत आलेली ऐकू येईल. नाही आवडलं तर सोडा. कोलट्रेनची १९६५ नंतरची मुद्रणं मला आजही पेलत नाहीत. वर्षातून एकदा लावून पाहतो, पुन्हा जागेवर ठेवतो. माझं घर १९२५ ते १९२८ या चार वर्षांत आहे आणि १९५९ हा शेजार.

महिना संपताना एक रेकॉर्ड लावा: ड्यूक एलिंग्टन आणि जॉन कोलट्रेन, २६ सप्टेंबर १९६२. एलिंग्टन ६३ वर्षांचे, कोलट्रेन नुकताच ३६चा झालेला. पहिला तुकडा ‘इन अ सेंटिमेंटल मूड’. एलिंग्टन पियानोवर थोडेसेच सूर टिपूस पडल्यासारखे टाकतात, पुन्हा टाकतात, आणि त्यावर कोलट्रेन धून जवळजवळ जशीच्या तशी वाजवतो. एवढा अवघड माणूस वडीलधाऱ्यांपुढे असा सरळ उभा. ही धून एलिंग्टनच्या वाद्यवृंदानं १९३५ मध्ये पहिल्यांदा मुद्रित केली होती. इथून त्या मूळ तबकडीकडे मागे जाता येतं, किंवा कोलट्रेनच्या डिसेंबर १९६४च्या ‘अ लव्ह सुप्रीम’कडे पुढे. माझं ऐकाल तर आधी मागे जा. ती अडीच-तीन मिनिटांची आहे, त्याच रात्री होऊन जाईल, आणि ‘अ लव्ह सुप्रीम’साठी एक रिकामी सकाळ राखून ठेवा.